अण्णा की आत्या

आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न चहाचा नसतो. आमच्याकडे विचारतात, "आकडा किती?"

आकडा कावेरीचा. माझ्या मुलीचा. तिच्या छोट्या कमोडच्या आतल्या कडेला शर्टाच्या बटणाएवढं एक यंत्र चिकटवलेलं आहे. तिची शी झाली की ते त्यातलं कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन मोजतं आणि आकडा माझ्या फोनवर येतो. आतड्यात कुठे दाह सुरू झाला की पांढऱ्या पेशी तिकडे धावतात आणि हे प्रथिन सांडतात. त्यामुळे पोट दुखायला लागण्याच्या कितीतरी आधी आकडा चढतो. पन्नासच्या आत असला की फोनवर हिरवी पट्टी. वर गेला की पिवळी. त्याच्या वरची लाल आम्ही सुरुवातीला कधी पाहिली नव्हती.

वीरेश, माझा नवरा, तोंडात ब्रश धरून बेसिनपाशी थांबायचा. माझ्या सासूबाई देवापाशी बसलेल्या असायच्या, घंटी हातात धरून. मी "बत्तीस" म्हटलं की घंटी वाजायची.

सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या, माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. आमच्या सांगली-मिरजेकडच्या समाजात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क मानतात. हक्क नुसता म्हणायला. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. वीरेश आणि मी सुट्टीत एकाच गच्चीवर पापड राखत मोठे झालो. लग्न ठरलं तेव्हा मी बी.एस्सी. करून हळदीच्या लॅबमध्ये लागले होते, जवळच्या नात्यात लग्न करू नये हे पुस्तकात वाचलंही होतं. पण पुस्तकात वीरेश नव्हता. आत्या सगळ्यांना सांगत सुटली, "पोरगी परक्यात गेली नाही, माझ्याच घरात आली." मी तिला लग्नानंतरही 'तू'च म्हणत राहिले, आणि तिनंही कुणाला त्यावर बोलू दिलं नाही.

कावेरी दीड वर्षाची असताना सरकारनं लहान मुलांची जनुक-तपासणी सुरू केली. बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा. आम्ही लसीच्या रांगेत उभं राहावं तसे जाऊन उभे राहिलो. पंधरवड्यानं मिरजेच्या हॉस्पिटलमधून बोलावणं आलं.

डॉ. मगदूम माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्यांनी टेबलावर कागद ठेवून एक रेघ काढली.

"आतड्याचं आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं. ही एवढी रेघ. अलीकडे जेवण, जंतू, जंतूंनी सोडलेली विषं. पलीकडे आपण. या प्रत्येक पेशीच्या कडेवर वाहक प्रथिनं बसलेली असतात. काही कामाच्या वस्तू आत घेतात, काही नको ते बाहेर ढकलतात. कावेरीच्या एका बाहेर ढकलणाऱ्या वाहकाच्या जनुकात एका अक्षराचा फरक आहे. प्रथिन तयार होतं, पण त्याची घडी चुकते, आणि पेशी त्याला कडेपर्यंत जाऊच देत नाही."

"म्हणजे घंटागाडी आहे, पण महापालिकेच्या आवारातच उभी," वीरेश म्हणाला.

"तसंच. कचरा उचलला जात नाही. पण कचरा साचला की रोग झालाच असंही नाही. एखाद्या गल्लीत होतो, एखाद्या गल्लीत वर्षानुवर्षं काही होत नाही."

"मग होतो कधी?" आत्यानं विचारलं.

"ते सांगता येत नाही, आजी. एखादा ताप, एखादं औषध, पोटातल्या जंतूंची वस्ती बदलली, काहीही निमित्त होतं. जनुक एकट्यानं काही करत नाही. ज्यांना आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात, त्यातल्या शंभरातल्या चाळीसेकांना तिशीच्या आत आतड्याचा दाह होतो. बाकीच्यांना होत नाही."

"दोन्ही कशा मिळाल्या हिला?"

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वीरेशकडे. आमची नावं, गावं, कोण कुणाचं कोण, हे सगळं त्यांच्यासमोर होतंच. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घराणं एकच आहे ना."

परतताना बसमध्ये आत्या खिडकीबाहेर बघत बसली होती. अंकली आल्यावर म्हणाली, "म्हणजे मीच आणलं म्हणायचं हे."

"आत्या, असलं काही बोलू नकोस."

"बोलत नाही. बसलीय की गप्प."

त्या दिवसापासून मला अण्णा आठवायला लागले. अण्णा लग्नकार्याला गेले की आधी मांडवात जायचे नाहीत, कार्यालयाच्या मागच्या बाजूला जायचे. संडास कुठे आहे ते बघून मग नवरानवरीकडे. पंगतीत दाराजवळचं पान धरायचे. आम्हाला वाटायचं, माणूस लाजाळू आहे. गावच्या डॉक्टरनं त्यांना आव झालीय म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या. शेवटी पोट उघडलं तेव्हा आतडं भिजलेल्या कागदासारखं झालं होतं, हात लावावा तिथे फाटत होतं. त्यानंतर पोटाला पिशवी. शर्ट कायम बाहेर सोडलेला, आणि उन्हाळ्यातही वरून जाकीट. कावेरी पोटात होती तेव्हा ते गेले.

उपाय होता. म्हणजे नुकताच निघाला होता. अस्तर-रोपण. जवळच्या नातेवाइकाच्या आतड्यातल्या मूळ पेशी घेऊन प्रयोगशाळेत वाढवायच्या, मुलाच्या आतड्याचं अस्तर टप्प्याटप्प्यानं खरवडून काढायचं आणि त्या जागी या पेशी पेरायच्या. रोप लावतात तसंच. मुलाच्याच पेशींचं जनुक दुरुस्त करून पेरता आलं असतं, पण तसं केलेल्या काही मुलांच्या आतड्यात गाठी आल्या म्हणून ते बंद झालं होतं.

अटी दोन. एक, मूल चार वर्षांच्या आत हवं. त्यानंतर शरीर आणि पोटातले जंतू यांची आपसातली ओळख पक्की होते आणि रोप धरत नाही. दोन, रोपणाच्या आधी आतडं शांत हवं. आकडा सलग हिरवा. आणि शंभरात तीन-चार मुलांचं रोपणातच बिघडतं. बिघडतं म्हणजे काय, हे मी विचारलं होतं. डॉक्टर बाईंनी सांगितलंही होतं. ते मी इथे लिहीत नाही.

देणारा जुळणारा हवा. लोकांना असा माणूस मिळता मिळत नाही. आमच्याकडे रक्त तपासलं तर वीरेश जुळला आणि आत्याही जुळली. "तुमच्या घरात काय, कुणाचंही कुणाला चालेल," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि मग आपण हे हसून बोललो म्हणून ओशाळल्या. देणाऱ्याकडे एक तरी प्रत चांगली असावी म्हणून दोघांची, आणि सोबत माझीही, जनुकं तपासली. वीरेशची एक चांगली, एक बिघडलेली. माझीही तशीच.

आत्याच्या दोन्ही बिघडलेल्या.

डॉक्टर बाईंनी तपासणी पुन्हा करायला लावली. उत्तर तेच. मग त्यांनी अण्णांच्या ऑपरेशनच्या वेळी जपून ठेवलेला आतड्याचा तुकडा काढून तपासला. दोन्ही बिघडलेल्या. आमच्या पणज्यांपासून हेच चालत आलेलं असणार.

"आजी, तुम्हाला पोटाचा काय काय त्रास झालाय आजवर?"

"मला? काही नाही की. बाळंतपणात झाला असंल तेवढाच."

"जुलाब, रक्त, वजन उतरणं?"

"वजन उतरावं म्हणून किती फिरते मी, विचारा हिला."

आत्या बासष्ट वर्षांची आहे. दगड पचवते. एकाच आईच्या पोटची ही दोन भावंडं, एका चुलीवरचं जेवलेली, एका आडाचं पाणी प्यालेली, आणि या एका जनुकात अक्षरन् अक्षर सारखी. एकाचं आतडं भिजल्या कागदासारखं झालं. दुसरी अजून कच्चा कांदा बुक्कीनं फोडून खाते.

"का?" मी विचारलं.

"तेच तर आम्हाला हवंय," डॉक्टर बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलचा माणूस बर्फाची पेटी घेऊन आमच्या दारात आला. आत्याच्या शीचा नमुना हवा होता. आत्यानं त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर म्हणाली, "बेचाळीस वर्षं या घरात रांधतीय. आमटी बरी झालीय, एवढंसुद्धा कुणी बोललं नाही. आता शीला पेटी पाठवतात." आम्ही इतके हसलो की कावेरीला कळेना काय झालं. बऱ्याच दिवसांत घरात कुणी तसं हसलं नव्हतं.

नमुन्यातून काही निघालं नाही. म्हणजे चार-दोन निराळे जंतू निघाले, पण तसे अर्ध्या जिल्ह्याच्या पोटात असतील, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. आणि प्रश्न आमचा आम्हालाच परत मिळाला. कावेरी कुणावर जाणार, अण्णांवर की आत्यावर? अण्णांवर जाणार असेल तर आत्ताच अस्तर बदलायला हवं. आत्यावर जाणार असेल तर एका धडधाकट मुलीचं आतडं आपण खरवडायला देतोय.

"बघ तिच्याकडे," वीरेश म्हणायचा. कावेरी सोफ्यावर उड्या मारत असायची. "हिला तू टेबलावर झोपवणार?"

"अण्णाही पंचविशीपर्यंत उड्या मारत होते."

"शालू, शंभरातली साठ मुलं ठणठणीत राहतात."

"आणि चाळीस?"

"चाळीस आजारी पडतात, मरत नाहीत. आता औषधं आहेत. अण्णांच्या वेळेसारखं नाही राहिलेलं."

"मग तू घे ती औषधं जन्मभर. तू बघ मांडवाच्या मागे जाऊन."

त्यावर तो उठून गॅलरीत जायचा. दुसऱ्या दिवशी नेमकं उलटं व्हायचं. तोच म्हणायचा की करून टाकू, आणि मी म्हणायची, तीन-चारांत आपली आली तर? आम्ही दोघं कधी एका दिवशी एका बाजूला नव्हतो. लॅबमध्ये माझ्यापुढे हळदीचा नमुना येतो, मी त्यातला रंग मोजते, माल चांगला की भेसळीचा ते सांगते. तिथे उत्तर असतं. इथे आकडा रोज होता. उत्तर नव्हतं.

अखेर आम्ही होकार दिला. पटलं म्हणून दिला असं नाही. पुढे तिचं काही झालं तर 'हातात होतं आणि केलं नाही' हे मला सहन झालं नसतं, म्हणून दिला. वीरेशच्या पेशी घेतल्या, त्या वाढायला लागल्या. कावेरीच्या चौथ्या वाढदिवसाच्या दीड महिना आधीची तारीख मिळाली. तोवर तिला उकडलेलं, मऊ, ठरावीक खाणं. नवीन काही द्यायचं नाही.

आत्याला आमचा होकार पसंत नव्हता, पण ती उघड काही बोलली नाही. ती विचार करत होती. एके सकाळी ओट्यापाशी मला म्हणाली, "मी काय खाते रोज सकाळी?"

"शिळी भाकरी ताकात कुस्करून."

"आणि लसणाची चटणी. लहानपणापासून. दादाला ते आवडायचं नाही बघ. तोंड वाकडं करायचा. त्याला पोहे लागायचे, नाहीतर उप्पीट."

दादा म्हणजे अण्णा. मी म्हणाले, "पोह्यांनी कुणाचं आतडं सडत नाही, आत्या."

"मग कशानं सडतं, सांग. तुला ठाऊक आहे? तुझ्या त्या डॉक्टरणीला ठाऊक आहे?"



त्यानंतर दोन दिवसांनी मी आंघोळ करून बाहेर आले तर कावेरी आत्याच्या मांडीवर. आत्या स्वतःच्या ताटलीतली भाकरी बोटांनी मऊ करून, आधी स्वतः चावून, तिला भरवत होती. आमच्याकडे आजीचं उष्टं नातवंडाला लागतं, असं मानतात. आत्याच्या डोक्यात ते आणखी पुढे गेलं होतं. तिच्या तोंडातलं, तिच्या पोटातलं, जे काही तिला बासष्ट वर्षं सांभाळत आलं, ते त्या घासाबरोबर नातीत उतरावं. डॉक्टर लोक नमुन्यात तेच शोधत होते ना? तिनं फक्त ते सापडायची वाट पाहिली नाही.

मला बघून तिचा हात थांबला. कावेरीनं तोंड उघडं ठेवलं होतं, चिमणीसारखं.

मी डोक्याला टॉवेल गुंडाळून तिथेच उभी राहिले. नको म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी मनात आलं, समजा तिचं बरोबर असलं तर? आत्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि घास दिला.

आकडा दोन दिवस अडतीस, चव्वेचाळीस असा होता. मग एकाहत्तर आला. घंटी वाजली नाही. दुसऱ्या दिवशी एकशे साठ, आणि फोनवर लाल पट्टी. कावेरीला थोडा ताप, दोन-तीन जुलाब. तिच्या पाळणाघरातल्या आणखी तीन मुलांनाही तसंच झालं होतं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

मी तशीच तिला घेऊन मिरजेला गेले.

"व्हायरस दिसतोय," डॉ. मगदूम म्हणाल्या. "बहुतेक."

"घरात तिला थोडं वेगळं खायला दिलं होतं." मी सगळं सांगितलं.

"त्यानंही असेल. किंवा नसेल. किंवा ही सुरुवात असेल." त्यांनी कावेरीचं पोट दाबून पाहिलं. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. यातलं काय आहे ते आज कळायला मार्ग नाही."

"रोपण?"

"आकडा खाली येऊन तीन महिने शांत राहायला हवा."

"तोवर ती चारच्या पुढे जाईल."

"हो."

"महिना-दीड महिना पुढे-मागे चालत नाही का? पेशी तयार आहेत. वीरेशनं दिल्यात."

"पेशींचा प्रश्न नाही, शाल्मली. दाह असलेल्या आतड्यात पेरल्या तर जळून जातील, आणि चारनंतर पेरल्या तर धरणार नाहीत. नुसती जखम होईल. तुम्ही माझ्या पाया पडलात तरी मी करणार नाही."

मी खरंच पाया पडायला उठले होते की नुसतीच उठले होते, मला आठवत नाही. कावेरी माझी ओढणी धरून म्हणाली, "आई, घरी."

घरी आत्या दारातच होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"तुम्ही तिला काय काय भरवलंत ते सांगा. त्या दिवशी आणि त्यानंतर."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला उशिरा कळलं की तिनं प्रश्न ऐकलाच नव्हता. तिनं फक्त 'तुम्ही' ऐकलं होतं.

वीरेश ऑफिसातून आला तेव्हा ती आत सामान भरत होती. आपल्या धाकट्या दिरांकडे कोल्हापूरला जाते म्हणाली. त्यानं पिशवी काढून घेतली. "कुठं जायचं नाही. पाळणाघरातून आलाय हा ताप."

"तसं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी म्हणतोय."

"नुसतं म्हणून काय होतंय," आत्या म्हणाली. पण ती राहिली.

ताप दोन दिवसांत उतरला. आकडा उतरायला दीड महिना लागला. एकशे दहा, नव्वद, पुन्हा एकशे तीस, मग पंचावन्न. ज्या आठवड्यात तो पन्नासच्या खाली आला, त्याच आठवड्यात कावेरी चार वर्षांची झाली. आत्यानं हुग्गी केली, गव्हाची, गूळ घालून. कावेरीच्या वाटीत घालण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आता पाळायचं काही उरलं नव्हतं. पेशी ठेवायच्या की टाकायच्या, असं हॉस्पिटलनं विचारलं होतं. वीरेशनं 'ठेवा' म्हणून कळवलं. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नाही.

आकडा अजून रोज येतो. यंत्र काढून टाकू, असं वीरेश म्हणतो. चढला तरी आपण काय करणार आहोत? औषध सुरू करू, ते लवकर सुरू केलेलं बरं, मी म्हणते. तो म्हणतो, लवकर म्हणजे कधी? पिवळ्याला? नव्वदला? आत्या आता पूजेला घंटी घेत नाही.

काल सकाळी मी भाजी निवडत होते. कावेरी सोफ्याच्या हाताला पोट टेकवून ओणवी झाली होती. डोकं खाली, पाय अधांतरी. खेळत असेल. मुलं अशी लटकतात. मी बघतेय हे कळल्याबरोबर ती सरळ झाली आणि गाणं म्हणायला लागली.

"कावू, काय झालं गं?"

"काही नाही. पोट दुखत नाहीये."

"मी विचारलं का तुला?"

"विचारणार होतीस."

ती माझ्यापाशी आली. फ्रॉक वर केला आणि माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. पोट गरम होतं, मऊ होतं, सगळ्या मुलांचं असतं तसं. मी बोटांनी हळू दाबून पाहिलं. ती हलली नाही. पोटाकडे तिचं लक्षच नव्हतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे."

"मग हस."

मी हसले. तिनं माझा चेहरा नीट पाहिला, मी फोन पाहते तसा, डोळे बारीक करून.

"अजून," ती म्हणाली.